पाण्याचा पृष्ठताण साठच्या पुढे जात नाही, तेव्हा काय तपासायचं

सबमिशन जवळ आलं की माझ्या टेबलाशी दरवर्षी एकच तक्रार येते. या खेपेला ती अहिराणीत आली. पहिल्या वर्षाची एक मुलगी जर्नल पुढे सरकवत म्हणाली, "सर, बठ्ठं करं, पन आकडा साठना पुढे जातच नही." म्हणजे सगळं केलं, तरी आकडा साठच्या पुढे जातच नाही.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. केशनळीने, म्हणजे बारीक भोकाच्या काचेच्या नळीने, पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभाग आकसून घ्यायची त्याची ओढ) काढायचा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत इतक्या वेळा झालाय, की कुठली नळी कुणी कशाने धुतली असेल याचा अंदाज पोरांनी सांगायच्या आधीच येतो. तिचं जर्नल पाहिलं. नळीची त्रिज्या ०.०५१ सेंमी, पाणी चढलं २.४१ सेंमी, पृष्ठताण ६०.२ डाइन प्रति सेंमी (डाइन हे बलाचं छोटं एकक). गुणाकार-भागाकार बरोबर. सूक्ष्मदर्शकाची रीडिंगं तीन-तीनदा घेतलेली आणि एकमेकांशी जुळणारी. 'पाण्याचं तापमान' हा रकाना तेवढा मोकळा.

ज्यांचा आकडा असाच अडकलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रयोगाची कृती मॅन्युअलमध्ये असतेच, ती परत लिहीत नाही. सूत्र मात्र समोर असू द्या:

पृष्ठताण = त्रिज्या × (उंची + त्रिज्येचा तिसरा हिस्सा) × घनता × गुरुत्वत्वरण ÷ २

हे सूत्र काच स्वच्छ आहे आणि स्पर्शकोन, म्हणजे पाणी काचेला जिथे भेटतं तिथला कोन, शून्य आहे असं धरून लिहिलेलं असतं. सगळी भानगड त्या 'धरून'मध्ये आहे.

आधी बरोबर उत्तर किती ते ठरवा

पुस्तकात ७२.८ छापलेलं असतं आणि पोरं त्या आकड्याच्या मागे लागतात. तो २० अंश सेल्सिअसचा आहे. आपल्या खान्देशात लॅबमधलं पाणी २० अंशांवर असतं ते डिसेंबरातल्या सकाळच्या बॅचला, तेही खिडक्या रात्रभर उघड्या राहिल्या असतील तर. २५ अंशांना पाण्याचा पृष्ठताण ७२.० असतो, ३० ला ७१.२, ३५ ला ७०.४ आणि ४० ला ६९.६. म्हणजे अंशामागे साधारण ०.१६ ची घट. एप्रिलच्या दुपारी प्रयोग करून कुणी बरोब्बर ७२.८ दाखवत असेल, तर मी आधी त्याच्या शेजाऱ्याचं जर्नल मागवतो.

थर्मामीटर पाण्यात बुडलेला हवा. भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा उचलून लिहू नका. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, वरून फुल स्पीडवर कूलर किंवा पंखा. बीकरमधल्या पाण्याची वाफ होत राहते आणि पाणी खोलीपेक्षा गार राहतं. माठाचंच तत्त्व. माझ्या टेबलावर खोली ३९ आणि बीकर ३४ असा फरक मी पाहिलाय. आकड्यात तो एकाहूनही कमी डाइनचा पडतो, पण व्हायवाला विचारलं तर सांगता आला पाहिजे.

आता गंमत पाहा. सगळे जण कमी आकड्याचं खापर उन्हावर फोडतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो हे खरं, पण ऊन पृष्ठताणाला फार तर तीन-चार डाइनने खाली आणेल. पाण्याचा पृष्ठताण ६०.८ व्हायला पाणी ९० अंशांना तापलेलं लागतं, आणि १०० अंशांना तो ५८.९ होतो. त्या मुलीला म्हटलं, तुझ्या जर्नलप्रमाणे तुझ्या बीकरमध्ये चहाचं आधण होतं. ती हसली, पण मुद्दा तिच्या लक्षात आला. दहा डाइन हरवतात तेव्हा ते उन्हाने नेलेले नसतात.

सकाळची बॅच आणि दुपारची बॅच

खरं कारण मला सापडायला दोन वर्षं गेली. सुरुवातीला मी सूक्ष्मदर्शकावर संशय घेतला, मग नळ्यांवर, मग पाण्यावर. नव्या नळ्या मागवल्या. पहिला आठवडा छान गेला, मग पुन्हा साठ.

एकदा कपाटातली जुनी जर्नलं रद्दीत काढायच्या आधी चाळत बसलो होतो. सकाळी साडेआठच्या बॅचची उत्तरं ६७ ते ७० मध्ये होती. दुपारी दोनच्या बॅचची ५८ ते ६३. तोच सूक्ष्मदर्शक, त्याच नळ्या, त्याच जारमधलं पाणी. आधी वाटलं, दुपारची गरमी. पण ही जर्नलं डिसेंबर-जानेवारीची होती, आणि गरमीचा हिशोब वर सांगितलाच.

दोनची बॅच म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरची बॅच. हिवाळा म्हणजे भरताचा मोसम. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर सढळ हाताने तेल, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. ज्याच्या डब्यात भरीत नाही त्याच्या डब्यात शेवभाजी, तिच्यावर बोटभर तर्री. डबे व्हरांड्यात उघडतात, हात नळाखाली नुसते ओले होतात, रुमालाला पुसले जातात आणि तीच बोटं येऊन केशनळीचं टोक धरतात. डोक्याला चोपडलेलं तेल आणखी वेगळं. सूक्ष्मदर्शकात पाहताना केस मागे सारायला हात जातोच.

किती तेल पुरतं? दहा सेंमी व्यासाच्या पसरट पात्रातल्या पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा, म्हणजे साधारण २ नॅनोमीटरचा थर द्यायला एका घन मिलिमीटरचा साठावा भाग तेल लागतं. एका थेंबात अशी हजाराहून जास्त पात्रं बिघडतात. बोटाला तेल लागलंय हे कळायच्या किती तरी आधी पाण्याला ते कळलेलं असतं.

हा विषय पुढे नेला तो स्वयंपाकघरातल्याच एका बाईने. जर्मनीतली अग्नेस पोकेल्स. १८६२ चा जन्म, विद्यापीठात जायची सोय नाही, घरात धुण्याभांड्यांचं काम. भांड्यांच्या तेलकट पाण्यावर काय घडतं ते ती स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या कुंडीत मोजत राहिली. पृष्ठभाग पट्टीने ढकलत ढकलत एका ठरावीक क्षेत्रफळापर्यंत लहान केला की ताण एकदम उतरायला लागतो, हे तिने पाहिलं. १८९१ साली तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते 'नेचर'मध्ये छापून आणलं. आपल्या पोरांचं भरीत आणि तिची भांडी, दुखणं एकच; तिने ते नीट पाहिलं, आपण ते 'निरीक्षणातील त्रुटी' म्हणून शेवटच्या ओळीत टाकून मोकळे होतो.

घाण नळीत की पाण्यावर

तेल दोन वेगळ्या जागी बसतं आणि दोन वेगळ्या रीतींनी आकडा पाडतं. पाण्याच्या पृष्ठभागावर बसलं तर खुद्द पृष्ठताण उतरतो. नळीच्या आतल्या भिंतीला बसलं तर पाणी काचेला नीट भिजवत नाही, स्पर्शकोन शून्य राहत नाही आणि पाणी कमी चढतं. ३० अंशांच्या स्पर्शकोनाला उंची १३ टक्क्यांहून जरा जास्तच घटते. त्या मुलीचा २.४१ हा आकडा जवळपास तेवढाच पडलेला होता.

दोन्हींतलं कुठलं, हे ओळखायला तीन नळ्यांवर प्रयोग करून त्यांचे आकडे शेजारी मांडा. तिन्हींचा पृष्ठताण सारख्याच प्रमाणात कमी, समजा ६३, ६२, ६३, तर पाण्याकडे बघा. एक ७०, दुसरी ६१, तिसरी ६६ असा घोळ असेल तर नळ्या. कॉलेजात बऱ्याचदा वेळ वाचवायला एकाच नळीवर काम भागवतात. तिथे हा पुरावाच हाती लागत नाही.

नळीची खात्री करायला याहून सोपी युक्ती आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात. नळी पाण्यात उतरवा, पाणी आपोआप चढून थांबलं की रीडिंग घ्या. आता बीकर दोन सेंमी वर उचला, म्हणजे नळीतलं पाणीही वर जाईल, आणि मग सावकाश मूळ जागी आणा. पाणी खाली येत येत थांबेल. परत रीडिंग घ्या. स्वच्छ नळीत दोन्ही वेळा पाणी त्याच जागी थांबतं. तेलकट नळीत चढताना ते खालीच अडतं आणि उतरताना वरच रेंगाळतं. त्या मुलीच्या नळीत आम्ही हे करून पाहिलं: चढताना २.४१, उतरताना २.६८. पावणेतीन मिलिमीटरचा फरक, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. तिला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. उतरणारं पाणी भिंतीला चिकटत, अडखळत, मध्येच एक धक्का घेऊन खाली येत होतं. "सर, हे तर अडकी अडकी येतंय," ती म्हणाली. तेच.

म्हणून नेहमीचं रीडिंगसुद्धा उतरत्या पाण्याचंच घ्यावं. आधी नळी खोल बुडवायची, भिंत भिजू द्यायची, मग वर घ्यायची. यातून घाण जात नाही, पण जरासा मळ असेल तर त्याचा जोर कमी होतो.

पाण्याच्या पृष्ठभागासाठी कापराची परीक्षा. देव्हाऱ्यातला खरा कापूर घ्या, स्वच्छ ब्लेडने त्याचे दोन-चार बारीक कण थेट पाण्यावर पडू द्या. बोट लावू नका, नाहीतर परीक्षेचा विषयच तुम्ही पुरवाल. पाणी स्वच्छ असेल तर कण वेड्यासारखे गरगर फिरतात, धावतात. वर तेलाचा थर असेल तर गप्प पडून राहतात. रॅले यांनी १८९० मध्ये कापूर फिरायचा थांबायला तेलाचा थर किती जाड लागतो ते मोजलं होतं; तो दोन नॅनोमीटरच्याही आत भरला. एक ध्यानात ठेवा: कापूर स्वतः पृष्ठताण उतरवतो, म्हणून परीक्षा झाली की ते पाणी फेकायचं आणि पात्र धुवायचं. आमच्याकडे एका हुशार गड्याने कापराचा नाच पाहून खूश होऊन त्याच पाण्यात प्रयोग उरकला होता.

धुणं

इथे माझीच एक चूक आधी सांगतो. तेलाचा शोध लागल्यावर मी जोशात येऊन सगळ्या नळ्या भांडी घासायच्या लिक्विडने धुतल्या, नळाखाली धरल्या, झटकल्या आणि वाळत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आकडे ४५ ते ५५ मध्ये फिरायला लागले. पोरं म्हणाली, सर, आधीचंच बरं होतं. एक मिमी व्यासाच्या नळीतून नळाचं पाणी आपणहून वाहत नाही. तोंडाशी धरलं तर आत आहे तेच अडकून बसतं. तेल गेलं होतं आणि त्याच्या जागी साबण बसला होता, जो पृष्ठताण पाडण्यात तेलाच्या दोन पावलं पुढे.

आता आम्ही असं करतो. नळी कोमट पाणी आणि किंचित साबणात अर्धा तास बुडवून ठेवायची. मग फिल्टर पंपाला रबरी नळीने जोडून तिच्यातून साधं पाणी ओढायचं, निदान दोन-तीन मिनिटं, सारखं. त्यानंतर सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर. सकाळी परत पंपाने भरपूर साधं पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे काम सहायकाने किंवा शिक्षकांनी करायचं, पोरांनी नाही. काही जण तेल काढायला आधी ॲसिटोन किंवा स्पिरिट वापरतात. वापरा, पण ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय आम्लाजवळ नेऊ नका, दोघांची गाठ धोक्याची आहे. जुन्या मॅन्युअलांत क्रोमिक आम्ल लिहिलेलं असतं. त्याने काच लख्ख होते यात शंका नाही, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. आम्ही ते बंद केलं.

पंप नसेल तर इंजेक्शनची सिरिंज जोडायचा मोह होतो. प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये दट्ट्या सहज सरकावा म्हणून सिलिकॉन तेल लावलेलं असतं. म्हणजे पुन्हा पहिले पाढे.

धुतलेली नळी वाळवू नका. कापडाने पुसायची नाही, तोंडाने फुंकर घालायची नाही, उन्हात ठेवायची नाही. झाकणाच्या काचेच्या बरणीत डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा आणि प्रयोगाच्या वेळी चिमट्याने काढा. आमच्या बरणीवर चिठ्ठी आहे: "जेवून आलात तर आधी साबणाने हात धुवा." त्यामुळे दुपारच्या बॅचचा सरासरी आकडा किती वाढला हे मी अजून मोजलेलं नाही, पण माझ्या टेबलासमोरची रांग कमी झाली.

बोअरचं पाणी निर्दोष आहे

हे सांगितलं की माझ्याशी लोक भांडतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरं पुट धरतं, म्हणून बिघडलेल्या प्रत्येक प्रयोगाचा आरोपी तेच. पण पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठताण किंचित वाढवतात, कमी करत नाहीत. लिटरमागे ५८ ग्रॅम मीठ टाकलं तर तो दीड-पावणेदोन डाइनने वर जातो. बोअरच्या पाण्यात लिटरमागे एखादा ग्रॅम क्षार असला तरी त्याचा फरक तुमच्या व्हर्निअरला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या बारीक मोजपट्टीला, दिसणारसुद्धा नाही. कमी आकड्याला ते जबाबदार असूच शकत नाही.

नळीत बोअरचं पाणी वाळू दिलं तर मात्र आत क्षारांचं कडं बसतं. त्या कड्यावर पाणी अडतं आणि रीडिंग भलतंच येतं. आणखी एक: टाकीतून, प्लास्टिकच्या जारमधून आलेल्या 'शुद्ध' पाण्यावर डोळे झाकून भरवसा नको. जारचं झाकण किती हातांतून गेलंय, याचा विचार करा. कापूर टाकून बघा.

आकडा दर वेळी तोच, पण चुकीचा

चढता-उतरता फरक नाही, कापूर नाचतोय, तीन दिवस तेच उत्तर येतंय, तरी ते चूक. आता त्रिज्या तपासायची. सूत्रात उंचीइतकंच वजन त्रिज्येला आहे, पण उंची असते २.८ सेंमी आणि व्यास ०.१०२ सेंमी. दोन्हींत ०.००२ ची चूक झाली तर उंचीच्या बाजूने काहीच हलत नाही, व्यासाच्या बाजूने दोन टक्के, म्हणजे दीडेक डाइन जातात. पोरं उंचीची रीडिंगं तीनदा घेतात आणि व्यासाचं एकदा. उलट करा.

आकडा शंभराच्या वर, १०५ च्या आसपास आला असेल तर मी न बघता सांगतो: व्यास नळीच्या बाजूने, काचेतून पाहून मोजलाय. जाड काचेची नळी भिंगासारखं काम करते आणि आतलं भोक साधारण दीडपट मोठं दिसतं. नळी आडवी धरून तिच्या तोंडाकडून, समोरून भोक बघायचं, आणि एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्यायचे, कारण भोक क्वचितच पूर्ण गोल असतं. १४० आला तर व्यास त्रिज्या म्हणून घातलाय, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

यात एक बारकी गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते. सूत्राला हवी असते पाणी जिथे थांबलंय तिथली त्रिज्या. आपण मोजतो टोकाची. नळी एकसारखी असेल तर चालून जातं, नसेल तर स्वच्छतेचा कितीही आटापिटा करा, उत्तर हलणार नाही. तपासायला नळी उलटी लावा, वरचं टोक खाली. दोन्ही बाजूंनी उंची सारखी आली तर नळी चांगली. आमच्या जुन्या संचातल्या दोन नंबरच्या नळीत तब्बल दीड मिलिमीटरचा फरक निघाला. ती आता प्रयोगासाठी नाही, उदाहरण म्हणून ठेवलीय.

किरकोळ, पण होणाऱ्या गोष्टी. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू एकाच दिशेने फिरवत यायचं, पुढे गेलात तर बरंच मागे जाऊन परत या. प्रतिमा उलटी दिसते, त्यामुळे मेनिस्कसचा (नळीतल्या पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा) तळ वर दिसेल. बाहेरच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पिनचं टोक पाण्याला नुसतं टेकायला हवं, टोक आणि त्याचं प्रतिबिंब भेटलं की थांबा. पिन नळीला किंवा बीकरच्या भिंतीला चिकटून असेल तर ती तिथे आधीच चढलेल्या पाण्याला टेकते आणि उंची कमी भरते. सेंटीमीटरभर लांब ठेवा, बीकरऐवजी पसरट पात्र घ्या. नळीत बुडबुडा अडकला असेल तर रीडिंग घेऊच नका.

केमिस्ट्रीवाल्यांची तक्रार

शेजारच्या लॅबमध्ये थेंबांची पद्धत चालते, म्हणजे टोकावरून पडणाऱ्या थेंबांवरून पृष्ठताण काढायचा, आणि तिथून कधी कधी '४३' घेऊन कुणी येतं. स्वच्छता झाली, तरी आकडा ४३ च. इथे दोष सूत्राचा आहे. थेंबाचं वजन बरोबर परीघ गुणिले पृष्ठताण, असं धरलं की असं होतं. टोकाला लोंबणारा थेंब सगळाच्या सगळा सुटत नाही, मान तुटते तेव्हा बरंच पाणी टोकालाच राहतं. नेहमीच्या जाडीच्या टोकाला साधारण ६० टक्केच पडतं. म्हणून २π ऐवजी ३.८ घेतात, हार्किन्स आणि ब्राऊन या रसायनशास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये याचे नेमके गुणक दिले. ४३ ला ०.६१ ने भागून बघा.

थेंबांची संख्या दर खेपेला वेगळी येत असेल तर तीन गोष्टी: टोकाला टवका उडालाय का, थेंब घाईने पडतायत का (मिनिटाला दहा-पंधरापेक्षा जास्त नकोत), आणि ब्युरेट असेल तर तोटीला ग्रीस किती चोपडलंय. ते ग्रीस पाण्याबरोबर टोकापर्यंत उतरतं. चौथी गोष्ट आमच्या गावची. लॅब मुंबई-आग्रा रस्त्याच्या अंगाला आहे. भरलेला ट्रक गेला की टेबल थरथरतं आणि पिकायच्या आधीच थेंब गळतो. छोटे थेंब, जास्त संख्या, कमी पृष्ठताण. स्टँडखाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे दिल्यापासून फरक पडला.

साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण केशनळीने एक आला आणि बुडबुड्याच्या, म्हणजे येगरच्या पद्धतीने जास्त आला, तर डोकं खाजवू नका. बुडबुड्याचा पृष्ठभाग ताजा असतो, साबणाच्या रेणूंना तिथवर पोचायला वेळच मिळत नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. बुडबुडे सावकाश सोडा, आकडा खाली येताना दिसेल.

परीक्षेच्या सकाळी

प्रॅक्टिकल सुरू झालंय, हातात ६१ आहे आणि नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवायला रात्र उरलेली नाही. अशा वेळी पात्र साबणाने धुऊन भरपूर खळखळवा, ताजं डिस्टिल्ड पाणी काठोकाठ भरा आणि थोडं काठावरून वाहू द्या. वरचा तेलाचा थर बराचसा त्यासोबत निघून जातो. नळी दुसरी मागा. मिळाली नाही तर आहे ती पंपाने पाच मिनिटं धुवा, खोल बुडवून वर घ्या आणि उतरत्या पाण्याचं रीडिंग लिहा. चढत्याचंही लिहा, दोन्ही रकान्यांत. पाण्याचं तापमान लिहा आणि शेजारी त्या तापमानाचा अपेक्षित आकडा. ६१ खोडून त्यावर ७२ लिहू नका.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी बरणीतली नळी घेऊन पुन्हा प्रयोग केला. त्रिज्या तीच, ०.०५१. चढताना २.७९, उतरताना २.८०. पाणी ३५ अंश. उत्तर ६९.९.